हेल्परचा दर

आमच्या घरात तीन माणसांचे हात लाकडावर चालायचे. आबांचे, आक्काचे आणि माझे. या तिघांत आक्काचा हात सगळ्यात चांगला होता. आज आता हे लिहायला मला काही वाटत नाही. जेव्हा चार माणसांत तोंडानं सांगायचं होतं, तेव्हा सांगितलं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकर होते. कारखान्यात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात करावा लागतो. तो लाकडी नग वाळूत दाबायचा, अलगद वर काढायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. तो लाकडी नग म्हणजे पॅटर्न. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा थोडा मोठा ठेवायचा. वाळूतून सुटावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. हे सगळं ड्रॉइंगवरून डोळ्यांपुढं आणायचं असतं. कागदावर नुसत्या रेघा असतात, वस्तू आपल्याला बघायची असते.

आक्काला ती दिसायची. माझ्याहून ती तीन वर्षांनी मोठी. शाळा सुटली की आबांच्या दुपारच्या डब्याची पिशवी आणायला ती शॉपमध्ये, म्हणजे पॅटर्नच्या कारखान्यात, जायची आणि तिथंच रेंगाळायची. घरामागं पत्र्याची शेड होती. सुट्टीच्या दिवशी आबा तिथं किरकोळ कामं करत बसायचे. ड्रॉइंग त्यांच्या बाजूनं पसरलेलं असायचं आणि आक्का समोर बसलेली, म्हणजे तिला ते उलटं दिसायचं. तरी आबांच्या आधी ती बोट ठेवायची, "आबा, हितं भोक आरपार न्हाई हं, आत जाऊन थांबलंय."

आबा चष्मा वर करून बघायचे. तसंच असायचं.

दहावीला तिला भूमितीत चांगले मार्क पडले. मी तीन वर्षांनी कसाबसा सुटलो. आयटीआयचा फॉर्म मात्र घरात एकदाच आला, माझ्यासाठी. आक्कानं तो भरून दिला, कारण माझं अक्षर वाईट होतं. तिला काय वाटलं असेल हे मी तेव्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारण्यासारखं काही आहे, हेच मला सुचलं नाही.

मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असताना आबांचे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या बशीतून चहा सांडायचा, मग पेन्सिलीची रेघ हलायला लागली. कंपवात आहे, असं डॉक्टर म्हणाले. पॅटर्न मेकरचा हात हलायला लागला म्हणजे संपलंच. आबांनी मालकांना खरं सांगितलं नाही. "धुळीनं दम लागतोय, नग घरी करून आणून देतो, नगावर पैसे द्या," एवढंच सांगितलं. चाळीस वर्षं कामाला असलेला माणूस, मालक लगेच हो म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी आबा शेडमध्ये ड्रॉइंग पुढ्यात घेऊन नुसते बसून राहिले होते. आक्का गेली आणि त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"मी करतो आबा. तुम्ही नुसतं बघा."

आमच्याकडं बायकाही 'मी करतो' असंच म्हणतात.

पुढं जवळजवळ वर्षभर आबांच्या नावावर आक्कानं पॅटर्न केले. पंपाची बॉडी, गिअर बॉक्सचं झाकण, उसाच्या चरकाचे भाग. आबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे, कुठं अडलं तर सांगायचे. पण दोन-चार महिन्यांनी त्यांना सांगायलाच काही उरलं नाही. मग ते तिला जुन्या कामांच्या गोष्टी सांगत बसायचे. नग तयार झाला की गोणपाटात गुंडाळून, रिक्षात घालून आबाच पोचवायला जायचे. पैसे आबांच्याच दरानं मिळायचे, एक रुपया कमी नाही.

एकदा आबा परत आले ते हसतच. "आज मालक म्हणाले, आबा, म्हातारपणी तुमचा हात आणखीनच बसलाय की!"

आक्का इतकी हसली की पदरानं डोळे पुसायला लागली. आईसुद्धा हसली. त्या संध्याकाळी आबांनी कोपऱ्यावरून सगळ्यांना मिसळ आणली. आमच्या घरात एवढा आनंद मी नंतर कधी बघितला नाही.

मग एका सकाळी मालक स्वतःच घरी आले. तातडीचं काम होतं, ड्रॉइंग घेऊन आले होते. त्यांची स्कूटर दारात थांबली तेव्हा आबा बाहेर कॉटवर बसले होते आणि आई त्यांना कपानं चहा पाजत होती. मालकांनी ते बघितलं. शेडमधून रंध्याचा आवाज येत होता. मालक तसेच मागं गेले.

आक्का केसांत पेन्सिल खोचून काम करत होती. अंगावर भुसा. मी तिच्या शेजारी उभा होतो, नग धरायला.

"हे हीच करतीया व्हय?" मालकांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत आक्का म्हणाली, "व्हय मालक. वर्ष झालं."

मालकांनी अर्धवट झालेला नग उचलला, उजेडात धरला, आतल्या कोपऱ्याच्या गोलाईवरून अंगठा फिरवला. "झकास हाय," म्हणाले. मनापासून म्हणाले. मालक वाईट माणूस नव्हता. आईनं केलेला चहा त्यांनी घेतला, तब्येतीची चौकशी केली, चांगल्या डॉक्टरचं नाव सांगितलं. जाताना आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी सांगायचं की आबा."

आम्हाला वाटलं, सुटलो.

पुढचा नग आबा घेऊन गेले तेव्हा हातात निम्म्याहून कमी पैसे आले. आबांना वाटलं, मोजण्यात चूक झाली असेल. त्यांनी विचारलं.

"चूक न्हाई आबा," मालक म्हणाले. "तो दर तुमचा होता. ह्यो हेल्परचा दर हाय. पोरीला पॅटर्न मेकरचा दर दिला तर बाकीची माणसं मला काय म्हणतील?"

"पर माल त्योच हाय की मालक. तुम्हीच झकास म्हणालासा."

"माल त्योच हाय. मी कुठं न्हाई म्हणतोय?"

आबांनी घरी येऊन हे शब्दाला शब्द सांगितलं. त्यांना भांडता आलं नव्हतं. आपणच वर्षभर खोटं बोललो, आता कुठल्या तोंडानं बोलायचं, असं त्यांना झालं होतं.

"आपण फसवलं त्यांना," ते आक्काला म्हणाले.

"आबा, आपण नाव खोटं सांगितलं," आक्का म्हणाली. "काम खोटं न्हवतं की."

त्यानंतर काही महिन्यांत माझा आयटीआयचा निकाल लागला. मालकांनी आम्हा दोघांनाही शॉपमध्ये बोलावलं. मला पॅटर्न मेकर म्हणून, आक्काला हेल्पर म्हणून. हेल्परनं नगाला पॉलिश पेपर मारायचा, रंग द्यायचा, झाडलोट करायची. आबांच्या औषधाला पैसे लागत होते. आक्का हो म्हणाली.

शॉपमध्ये आम्ही सात-आठ जण होतो. माझं टेबल खिडकीजवळ, आक्का रंगाच्या कोपऱ्यात. मला ड्रॉइंग मिळालं की मी पहिला दिवस नुसता कागदाकडं बघण्यात घालवायचो. मग कधीतरी आक्का पॉलिश पेपर हातात घेऊन सहज आल्यासारखी यायची आणि हळू आवाजात बोलायची. "ह्यो उतार उलटा लागलाय." किंवा, "ह्याचे दोन तुकडे कर, एका तुकड्यात वाळूतनं सुटायचा न्हाई." मी तसं करायचो. नग पास व्हायचा. नगाच्या पाटीवर माझं नाव लागायचं. एखादा फारच अवघड नग असला तर मी तो घरी आणायचो आणि ती शेडमध्ये करून द्यायची. आबा कॉटवरून सगळं बघायचे. मला कधी काही बोलले नाहीत. पण तिच्याशी बोलायचे तसे माझ्याशी कामाबद्दल त्यानंतर कधी बोलले नाहीत, हेही खरं.

तिचा पगार वाढवा, असं आईनं एकदा मालकांना सांगून पाहिलं. तेव्हा ते म्हणाले, तिच्याकडं सर्टिफिकेट कुठं आहे? पुढच्या वर्षी आक्कानं स्वतः विचारलं, तेव्हा सर्टिफिकेटचं नाव निघालं नाही. "आज ना उद्या लगीन होऊन जाशील बाई, तुझा पगार वाढवून मला काय उपयोग?" असं झालं. मला वाटतं, लग्न होऊन ती तिथंच राहिली असती तर नवरा मिळवतोय की, असं झालं असतं.

मी तिथं लागून तीन वर्षं झाली होती. माझ्या लग्नाचं बघत होते. मुलीकडचे लोक शॉपवर येऊन गेले. मालकांनी त्यांना माझा पगार सांगितला आणि म्हणाले, "हात बापाचा घेतलाय पोरानं." मी खाली मान घालून उभा होतो. लोकांना वाटलं, लाजतोय.

ती माणसं गेल्यावर आक्का मालकांच्या केबिनमध्ये गेली. केबिन म्हणजे काचेची खोली, दार उघडंच असायचं. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मालक, एक मागणं हाय."

"बोल की."

"आम्हा दोघांस्नी एकच ड्रॉइंग द्या. येगयेगळं बसवा. ज्याचा नग बरोबर येईल त्याला पॅटर्न मेकरचा दर द्या. माझा न्हाई आला तर मी जन्मभर पॉलिश मारतो, पुन्हा तोंड उघडायचा न्हाई."

शॉपमधली यंत्रं कुणीतरी बंद केली. मालकांना गंमत वाटली. त्यांनी मला हाक मारली.

"काय रं? भैन काय म्हणतीया ऐकलंस न्हवं? द्यायचं का ड्रॉइंग?"

आक्का माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आपला भाऊ आता हो म्हणणार, याची तिला खात्री होती. मी नुसतं 'द्या' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मालक हसतमुख होते, त्यांनी दिलंही असतं. पण मला त्या क्षणी मुलीकडचे लोक दिसत होते. आणि मला माहीत होतं, कोण हरणार.

"कशाला मालक," मी हसून म्हणालो. "घरातल्या घरात भावाबहिणीची कुस्ती लावताय व्हय?"

सगळं शॉप हसलं. मालक तर टेबलावर थाप मारून हसले. "बरोबर बोलला गडी! जा बाई, कामाला लाग."

आक्का रंगाच्या कोपऱ्यात गेली आणि तिनं अर्धा राहिलेला नग रंगवून पूर्ण केला. संध्याकाळी आम्ही रोजच्यासारखे बरोबर घरी गेलो. वाटेत तिनं भाजी घेतली.

आईनं तिच्यासाठी पाहिलेल्या दोन-तीन स्थळांना तोवर ती नाही म्हणाली होती. त्या आठवड्यात ती आपणहून म्हणाली, "कोडोलीकडचं ते स्थळ हाय न्हवं? करून टाका." कोडोलीच्या पुढं एका वाडीत ते घर होतं. थोडा ऊस, चार-पाच म्हशी, मुलगा सरळ स्वभावाचा. माझ्या लग्नाआधी दीड महिना तिचं लग्न झालं.

ती गेल्यानंतर सहा-सात महिन्यांतली गोष्ट. एका व्हॉल्व्हच्या बॉडीचं काम माझ्याकडं आलं. तो भाग बिडाचा नव्हता, स्टीलचा होता. स्टील बिडाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तसं लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही आणि बिडाच्या हिशेबानं पॅटर्न केला. ओतलेले सगळे नग मापाला कमी भरले, सगळे भंगारात गेले. गिऱ्हाईक येऊन शॉपमध्ये ओरडून गेलं. आता आपला पगार कापणार किंवा आपल्याला काढणार, असं समजून मी केबिनमध्ये गेलो.

"चुकतो माणूस," मालक म्हणाले. "नवा हाईस अजून. शिकशील."

तीन वर्षांहून जास्त झाली होती मला. त्या महिन्याचा पगार पूर्ण आला. दिवाळीत वाढही झाली. मी ते पाकीट घेऊन घरी आलो आणि आबांच्या कॉटपाशी बसून रडलो. आबांनी का म्हणून विचारलं नाही. आपला थरथरता हात माझ्या डोक्यावर ठेवला, तो तिथं ठरत नव्हता. पुढच्या पावसाळ्यात आबा गेले.

नंतरची वीस-बावीस वर्षं भराभर गेली. मी पुढं फोरमन झालो, दुसऱ्या मोठ्या शॉपमध्ये गेलो. आता पॅटर्न कॉम्प्युटरवर काढतात आणि मशीन ते कापून देतं, तिथंही मला साहेब म्हणतात. माझं घर झालं, मुलं शिकली. सोमवारी सुट्टी असली की मी मधूनमधून आक्काकडं जायचो. ती जेवायला वाढायची, परत येताना दूध-तूप बांधून द्यायची, माझ्या मुलांची चौकशी करायची. तिला एक मुलगी झाली, ती शिकून लग्न होऊन साताऱ्याला गेली. बोलणं सगळं होतं, फक्त लाकडाचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. तिच्या गोठ्याचं दार एकदा निखळलं होतं, मी म्हटलं, मी करतो. ती म्हणाली, "असू दे, सुतार येणार हाय उद्या."

दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात दुखायला लागलं. अंगावर काढलं. कोल्हापुरात दवाखान्यात आणेपर्यंत कॅन्सर पसरला होता. दाजी, म्हणजे तिचे यजमान, रात्री जवळ थांबायचे आणि सकाळी म्हशींच्या धारेला वाडीवर जायचे. दुपारी मी रजा टाकून बसायचो. एका दुपारी ती बरी होती, उशाला टेकून बसली होती, संत्र्याच्या फोडी खात होती. मला राहवलं नाही.

"आक्का, त्या दिवशी मी ड्रॉइंग घ्यायला पायजे होतं."

कुठला दिवस, असं तिनं विचारलं नाही.

"घेतलं असतंस तर हरला असतास."

"व्हय."

"मग घेतलं न्हाईस ते बरोबरच केलंस की." ती हसली. टोमणा नव्हता तो, माझी समजूत काढत होती. मग फोडीवरचे दोरे सोलत म्हणाली, "तू हरला असतास तरी मी तुला टाकून दिलं नसतं रे. माझा दर वाढला असता, तुला शिकवून तुझाही टिकवला असता. एवढंच तुला कळलं न्हाई ह्याचं वाईट वाटायचं."

मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा ती झोपली होती. त्यानंतर तिला वाडीवर घरी नेलं आणि तीन आठवड्यांनी ती तिथंच गेली. मरताना ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

दिवस झाल्यावर दाजी म्हणाले, मृत्यूची नोंद राहिली आहे, चला बरोबर. ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक तरुण होता, सौजन्यानं वागला. एकेक रकाना विचारून भरत गेला. नाव, वय, पत्ता, आजार.

"व्यवसाय?"

"गृहिणी," दाजी म्हणाले.

"पॅटर्न मेकर," मी म्हणालो.

ग्रामसेवकानं वर बघितलं. "म्हणजे काय साहेब? कुठं नोकरीला होत्या का?"

"उद्यमनगरात. आधी घरीच करायची."

"काही कागद आहे? पगारपत्रक वगैरे?"

कागद कुठून असणार? हजेरी वहीत ती हेल्पर होती, आणि ते शॉपही बंद होऊन दहा वर्षं झाली. त्याआधीचे नग आबांच्या नावावर गेले, नंतरचे माझ्या. मी नाही म्हणालो.

"मग गृहिणीच लिहितो," तो म्हणाला, आणि त्यानं तसं लिहिलं. दाजींनी सही केली.

बाहेर येऊन आम्ही गाडीपाशी थांबलो. दाजींनी टोपी काढून घाम पुसला. "कंपनीत हाताखाली कामाला होती, एवढं म्हाईत होतं मला," ते म्हणाले. "त्ये तुम्ही आत काय म्हणालासा, पॅटर्न म्हंजी काय ओ? तिनं कधी सांगितलं न्हाई."

बावीस वर्षांचा संसार झाला होता त्यांचा. मी त्यांना सांगायला सुरुवात केली, आधी लाकडात नग करायचा, मग वाळूत दाबायचा. आबांच्या कॉटपासून सगळं सांगितलं, मालक घरी आले ते सांगितलं. दाजी लहान मुलासारखे ऐकत होते, मधेच म्हणाले, "आमची ही करायची हे?" आक्कानं केबिनमध्ये ड्रॉइंग मागितलं तिथवर आलो आणि थांबलो. दाजी वाट बघत होते.

"मग? दिलं का त्यांनी ड्रॉइंग?"

"न्हाई दिलं," मी म्हणालो.

ते मान हलवून म्हणाले, "मालकाची जात ती. कसा देईल?" आणि धारेची वेळ झाली म्हणून घराकडं निघाले. मी त्यांना थांबवलं नाही.